मागच्या सीटचा प्रश्न

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेली! आमची म्हातारी गेली. हॉस्पिटलच्या चढावर, ताई मागे बसलेली असताना, एकदा खाकरली आणि बंद. किक मारल्या, ढकलली, शिव्या घातल्या, मग तिचीच माफी मागितली. शेवटी ताई उतरली, हेल्मेट काखेत मारलं आणि म्हणाली, "मी जाते चालत. तू हिच्याजवळ थांब, एकटी नको सोडूस." जसा काही पेशंटच!

संध्याकाळी मेकॅनिकने निकाल दिला. "मॅडम, इंजिन जाम झालंय. करून द्यायला देईन, पण महिन्याभरात माझ्याच नावाने खडे फोडाल." बरा माणूस. कितीदा त्याने तिला मरणाच्या दारातून परत आणलं आणि कधी उपकार केल्याचा आव आणला नाही. आज त्याचे नीट आभार मानले. तो लाजला आणि उगाच पाना पुसत बसला.

तशी गाडी साधीच होती. रोजची फेरी ठरलेली – ताईला हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाच्या दाराशी सोडायचं, तिथून मी चष्म्याच्या दुकानात. संध्याकाळी उलट. ताईला गाडी येत नाही, शिकायचीही नाही. मी पुढे, ती मागे. आमच्या अर्ध्याअधिक गप्पा त्या गाडीवरच झाल्या, त्याही ओरडून. घरी आल्यावर बोलायला काही उरायचंच नाही.

थोडं रडू आलं. लोखंडासाठी कुणी रडतं का? मी रडले.

४ फेब्रुवारी, बुधवार

चालत गेले, चालत आले. टाचेला फोड. ताईच्याही. दोघी बादलीत पाय सोडून बसलो आणि एकमेकींना हसलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

ताईने कापलं!

हे जरा उलगडून लिहायला हवं, नाहीतर पुढे मागे मलाच कळायचं नाही. आमच्या घरात एकच कायदा – एकीने कापायचं, दुसरीने उचलायचं. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते, ताई कॉलेजात. बाबा त्याच्याही आधी गेलेले. म्हणजे घरात उरलं काय, तर दोघी बहिणी, एक सफरचंद आणि भांडण. मग ताईने हा कायदा काढला. ती कापणार, मी उचलणार. मी मोठाच तुकडा उचलणार हे तिला पक्कं माहीत, त्यामुळे ती असं कापायची की मोठा कुठला हे देवालाही कळू नये. दोरा लावून मोजायची! पुढे सगळ्यालाच हा कायदा लागला. खोलीतली खिडकीकडची बाजू की कपाटाकडची, भांडी की केर. अजून चालू आहे. ऐकणाऱ्यांना आम्ही वेड्या वाटत असू.

तर गाडी. म्हातारी गेली त्याच दिवशी ताईने जाहीर केलं, "मी दोन निवडते, तू त्यातली एक उचल." क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे जिला माहीत नाही ती मोटरसायकली निवडणार – मी हसले. मग तिची पद्धत ऐकली. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांना विचारलं म्हणे, आणि वर स्वतःचं डोकं चालवलं. "ज्या गाड्यांवरचे पाय माझ्या टेबलावर जास्त येतात, त्या आधी गाळल्या." मोडक्या हाडांवरून गाडी पारखणारी जगात माझीच बहीण असेल.

मला वाटलं आता काहीतरी शहाणी, सोज्वळ, पुढे टोपली लावता येईल अशी गाडी पदरात पडणार. पदरी पडलं पवित्र झालं म्हणायची तयारी ठेवली होती. तर आज तिने चहाच्या कपाशेजारी दोन रंगीत पत्रकं सरकवली. दोन्ही स्पोर्टी! उघडं इंजिन, खाली वाकलेला दिवा, खांदे काढलेली टाकी – सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली की माझी मान वळते ना, त्या जातीच्या. "शहाण्या गाडीवर पुष्कळ वर्षं काढलीस, चिमणे," ती म्हणाली. "आता मनासारखी घे."

मी माझ्या मनातलं हे कधी बोललेच नव्हते. मागे बसून माझी मान वळलेली ती बघत होती म्हणजे.

उमेदवार असे. काळी – दोन सिलिंडर, भारदस्त, लांबरुंद सीट. मागे बसणारीला गादीच. पिवळी – एक सिलिंडर, हलकी, तापट, आणि मागची सीट म्हणजे पाव कापून झाल्यावर शेवटी उरतो तो कडेचा तुकडा. नावाला आहे.

मला दोन्ही हव्यात. उचलायचं कसं?

८ फेब्रुवारी, रविवार

पिवळी चालवून पाहिली. अरे काय गाडी आहे!

शोरूममध्ये एक टायवाला आहे. "भावासाठी बघताय का?" म्हणाला. मी म्हटलं, "माझ्यासाठी." "अच्छा अच्छा," म्हणत लगेच कुठकुठले रंग आहेत ते दाखवायला लागला. मी चेन आणि ब्रेकबद्दल चार प्रश्न विचारले तेव्हा गडी सरळ झाला. पण माणूस भला. चावी हातात दिली आणि म्हणाला, "पुलाच्या टोकापर्यंत जाऊन या. घाई नाही, मी आहे इथे."

पाय टेकतात, पण चवड्यांवर. पहिला गिअर टाकला, सवयीने क्लच सोडला – टुणकन उडी! म्हातारीच्या क्लचला मनधरणी लागायची, हिला नुसती नजर पुरते. चौकातून जपून काढली. पुलावर रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली आणि ती सुटलीच. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने हसत होते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हिलाच.

एक गंमत झाली. वळणावर मी वाकते ती मागचं वजन धरून. मागे ताई असते, तिच्या हिशेबाने अंग टाकायची सवय. पिवळीवर तसंच टाकलं तर ती भलतीच आत झुकली. मागे कुणी नाही हे तेव्हा ध्यानात आलं.

टायवाल्याने विचारलं, "आवडली?" मी म्हटलं, "अजून एक बघायची आहे." माझ्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाक्य निघालं याचं मलाच नवल वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात मेट्रनबाई आल्या होत्या – ताईच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर. हल्ली जवळचं दिसत नाही म्हणून. चाचणीची जड चौकट त्यांच्या नाकावर, मी काचा बदलतेय, "ही स्पष्ट की ही?" विचारतेय, आणि अक्षरं वाचता वाचता त्या मध्येच म्हणतात, "मग काय ठरवलं तुझ्या ताईने? जाणार ना?"

कुठे जाणार?

चार तासांच्या रस्त्यावर एक नवं हॉस्पिटल उघडतंय. तिथला एक्स-रे आणि स्कॅनचा अख्खा विभाग ताईच्या हाती देतायत. नवंकोरं मशीन, हाताखाली माणसं, राहायला जागा. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मला माहीत असेल असं बाईंना वाटलं. माझं तोंड बघून त्यांना कळलं. "अगं, मी बोलले म्हणून सांगू नकोस हं." त्यांचा नंबर मी चुकीचा लिहिला, मग खोडून पुन्हा सगळं तपासलं.

घरी पोचल्या पोचल्या विचारलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मेट्रनबाई, माफ करा.

ताई कांदा चिरत होती. मान वर केली नाही. "हो, विचारलंय त्यांनी. नाही म्हणून कळवणार आहे."

"का?"

"का म्हणजे? तुझं काय?"

"माझं काय? घोडी झालेय मी."

"दहा हाका मारल्याशिवाय उठतेस का, घोडे? गॅस बंद केलास का हे जिन्यात परत येऊन कोण बघतं? जाऊ दे. मला इथे काय कमी आहे? संपला विषय."

संपला विषय म्हटल्यावर ताईशी पुढे बोलता येत नाही. हे मी तिसरीपासून शिकलेय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

इथे कोण वाचतंय, खरं लिहून टाकते. ती जात नाही म्हणाली तेव्हा मला आनंद झाला. छातीवरचा दगड उतरला. ती नसेल तर सकाळी घरात आवाज कुणाचा? मी चमचा पाडला तर "काय पाडलंस?" कोण विचारणार?

पण एवढी आनंदाची गोष्ट असूनही दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

काळी चालवली. ताईला घेऊन. मागच्या सीटचा निकाल मागचीनेच द्यायला हवा.

टायवाल्याने आज "भाऊ" काढला नाही, थेट "या मॅडम!" खुर्ची पुसून ताईला बसवलं. काळी स्टँडवरून उचलताना मात्र माझी फे फे उडाली. नाकापेक्षा मोती जड. टायवाला मदतीला पुढे झाला तर ताई म्हणाली, "थांबा, तिला जमतं." आणि जमलं! ताईने जमतं म्हटलं की मला जमतं, हे काय गौडबंगाल आहे ते आजवर कळलेलं नाही.

एकदा चालायला लागली की जड वाटत नाही. मऊ. मंद आचेवर दूध तापत यावं तसा वेग चढत जातो. आणि मागे ताईचं सुरू – गतिरोधक आला की "श्वास धरा," ओलांडला की "सोडा." एक्स-रे काढताना पेशंटला सांगते तेच, त्याच सुरात. म्हातारीवरही असंच करायची. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी चक्क श्वास धरला होता!

परत आल्यावर विचारलं, "कशी वाटली?"

"छान आहे." सीटवरून हात फिरवत म्हणाली. जरा जास्तच वेळ फिरवला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. काळी.

पिवळीवर माझा जीव आहे, पण जीव काय, लहान मुलासारखा असतो, जे चमकतं त्यावर जातो. जिने कॉलेज अर्ध्यावर सोडून एक्स-रेचा कोर्स धरला – लवकर पगार सुरू व्हावा आणि माझी शाळा सुटू नये म्हणून – तिला मी पावाच्या तुकड्यावर बसवू? तिने हे सोडलेलं कॉलेज कधी तोंडावर फेकलं नाही. भांडणातसुद्धा नाही. मला हे मेट्रनबाईंकडून कळलं होतं, तेही मी कमवायला लागल्यावर.

ती जात नाही, मग गाडी दोघींचीच हवी. काळी. उद्या जाऊन सांगते. बरं वाटतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नाही गेले. दुकानात काम होतं. म्हणजे होतं थोडं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर हेच – "पहिली काच बरी की दुसरी?" लोकांना वाटतं परीक्षा आहे. घाम फुटतो बिचाऱ्यांना. आज एक निवृत्त भूगोलाचे सर आले होते, बरोबर त्यांच्या बाई. मी दोन काचा आलटूनपालटून दाखवल्या. सर म्हणाले, "दोन्ही सारख्याच दिसतात हो. काय सांगू?" मी म्हटलं, "हेच सांगायचं होतं. सारख्या दिसल्या की नंबर बरोबर." बाई लगेच, "बघा, न ठरवता येण्याचं पहिल्यांदाच कौतुक झालं तुमचं."

मी हसले. हसता हसता हात थांबला.

बरोबर कापलं की दोन तुकडे सारखे दिसतात. ताईचं कापणं तसं असतं. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक तुकडा लहान, एक मोठा झालेला मला आठवत नाही. मग या दोन गाड्या अशा कशा? एकीत दोघींची जागा, एकीत एकीचीच. हे ताईचं कापणंच नाही.

घरी आले तर ती जेवणाच्या टेबलाशी मोबाइल बघत होती. त्या नव्या स्कॅन मशीनचा व्हिडिओ. चष्मा डोक्यावर, तोंड अर्धवट उघडं – मी शोरूमच्या काचेतून आत बघते तशी. मला पाहून तिने फोन पालथा घातला आणि म्हणाली, "अंडी आणलीस का?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलंच.

"ताई, पिवळी का ठेवलीस दोघींत?"

"तुला आवडेल म्हणून."

"आणि काळी?"

ती पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. "मला बसता येईल म्हणून."

"असं नसतं कापायचं."

"हो गं," ती म्हणाली. "हात चुकला."

आणि पेला विसळायला गेली. तिचा हात चुकला म्हणजे तिचंच ठरत नव्हतं. राहायचं की जायचं हे तिला स्वतःला उचलता येईना, म्हणून तिने दोन गाड्या केल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मुद्दाम नाही. मला नाही वाटत तिने मुद्दाम केलं. पण झालं तसं.

म्हणजे मी गाडी निवडतच नाहीये! देवा. मला वाटलं होतं प्रश्न सिलिंडरचा आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तळ्यात मळ्यात. तळ्यात मळ्यात.

काळी घेतली तर उद्याही आजच्यासारखंच. ती सकाळी उतरेल, संध्याकाळी चढेल. नवं मशीन दुसरं कुणीतरी चालवेल. ताई कधी बोलून दाखवणार नाही, आणि मला ते प्रत्येक गतिरोधकाला आठवत राहील. पिवळी घेतली तर घर रिकामं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उलटसुलट काचा घालून पाहिल्या. सारख्या दिसेनात. एक स्पष्ट दिसते. तीच मला नको आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उचलली. पिवळी.

एकटीच शोरूमला गेले. टायवाला म्हणाला, "अहो, पण मोठ्या ताईंना काळी पसंत होती ना?" मी म्हटलं, "त्यांना बसायचंच नाहीये." त्याला काही कळलं नाही. तरी त्याने माझ्याकडे न बघता माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि बाजूला झाला. देव त्याचं भलं करो, ग्लास लागलाच होता.

घरी येऊन उभ्या उभ्याच सांगितलं. "पिवळी घेतली. आणि तू हो म्हणून कळव."

ताईने चष्मा डोक्यावर सरकवला. "मी कुठे बसू मग?"

"तू नाही बसायचं. तू जायचं."

"हाकलतेस मला?"

"हो."

मला वाटलं होतं ती रडेल, मग मी रडेन, मग चहा होईल. ती उठली आणि आत गेली. दार नीट लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

भांडी बोलतायत, ताई नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अजून अबोला. सकाळच्या हाका मात्र चालू आहेत. नाव नाही घेत, नुसतं दारावर टकटक. रागावलेली असतानाही मला उशीर होऊ देत नाही.

मी चुकले का? घाई केली का? तिच्यावर उपकार करायला निघाले आणि उंटावरून शेळ्या हाकल्या? "तू जायचं" म्हणणारी मी कोण? तिने मला वाढवलं, मी तिला नाही. या घरात "हो" आणि "नाही" म्हणायचा हक्क तिचा. मी फक्त तुकडा उचलणारी.

पण तुकडा उचलला मी. आता तो परत ठेवता येत नाही, हेही तिनेच शिकवलंय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाली, "कळवलं. हो म्हणून."

मी म्हटलं, "बरं."

मग दोघींनी ऑम्लेट खाल्लं. मीठ जास्त झालं होतं, कुणी काही म्हटलं नाही.

१ मार्च, रविवार

गोठलेलं सुटलं. आज ताई आपणहून बोलायला लागली आणि थांबेचना. ते मशीन किती शांत चालतं, चित्र किती लख्ख येतं, लहान मुलांना झोपवावं लागत नाही. तिचे हात नुसते हवेत. एवढं सगळं हिच्या पोटात होतं आणि मी रोज मागे घेऊन हिंडत होते!

मेट्रनबाईंचे आभार मानायला गेले. त्यांचा नवा चष्माही दिला. "मी काही बोललेच नव्हते हं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कशाबद्दल?" दोघी हसलो.

७ मार्च, शनिवार

आली! पिवळी आली. दाराशी उभी आहे आणि मी दर पाच मिनिटांनी खिडकीतून बघून येतेय. टायवाल्याने टाकीवरचा कागद माझ्याच हाताने काढू दिला. मेकॅनिक मुद्दाम बघायला आला, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आता माझं कसं चालायचं? ही बिघडणार नाही इतक्यात." मग स्वतःच, "असू दे. नुसती दाखवायला आणत जा."

ताई बराच वेळ लांबून बघत होती. मग जवळ येऊन मागच्या सीटवर चार बोटं ठेवली, मोजल्यासारखी. "यावर कोण बसणार?" मी म्हटलं, "माझी डब्याची पिशवी." तिला हसू आलं. किती दिवसांनी.

११ मार्च, बुधवार

सामानाची वाटणी. इतकी वर्षं एकत्र असलेलं घर दोन खोक्यांत कापायचं. पातेली, चादरी, उश्या – ताईने सगळं समसमान लावलं, मी उचलत गेले. हात पुन्हा जागेवर आलाय तिचा. मोठं कुठलं कळेना.

माझ्या उशाशी असतो त्या दिव्यावर येऊन अडलो. त्याची टाकाऊ एक्स-रे फिल्मची टोपी तिनेच मला करून दिली होती, शाळेत असताना, अंधाराला घाबरायचे म्हणून. कुणा अनोळखी माणसाच्या बरगड्या आणि आत बल्ब. घाबरणाऱ्या मुलीला कुणी असला दिवा देतं का? पण माझी भीती गेली होती. त्या माणसाला मी "बरगडीकाका" म्हणायचे.

"हा कापता येणार नाही," ताई म्हणाली. आणि माझ्या खोक्यात ठेवला.

१४ मार्च, शनिवार

उद्या ती जाणार. सकाळची बस.

आज मला फार कृतज्ञ वाटतंय, आणि हा शब्द मी एरवी वापरत नाही, तो निरोप समारंभातला आहे. म्हातारीबद्दल वाटतंय, कारण ती नेमकी त्याच चढावर बंद पडली. मेट्रनबाईंच्या सैल जिभेबद्दल. भूगोलाच्या सरांबद्दल, ज्यांना काही ठरवता आलं नाही. आणि ताई. तिच्याबद्दल लिहायला बसले तर पानं पुरायची नाहीत. ती दोरा लावून सफरचंद मोजायची, तेवढंच लिहिते.

थोडा अभिमानही वाटतोय. आयुष्यभर तिने माझ्यासाठी सोडलं, शेवटी एक गोष्ट मीही तिच्यासाठी सोडली. माझ्या पायात अडकून पडली होती, मी पाय काढून घेतला. ती मोकळी झाली. चिमणी मोठी झाली म्हणायची.

१५ मार्च, रविवार

बस लागली. खोकी वर चढली. ताई पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुझं नुसतं नाव पुढे करत होते गं. भीती मलाच वाटते. मी कधी एकटी राहिलेच नाहीये."

ताई घाबरते. मला माहीतच नव्हतं.

खोकी बसने पुढे पाठवली. तिला पिवळीवर बसवलं, मागे, त्या टीचभर जागेवर. या गाडीला मागे धरायला कडीसुद्धा नाही. तिने मला धरलं. चार तास, पोचेपर्यंत सोडलं नाही.